आधी पायरी मोजा, मग सवलत: बेळगाव सीमाभागात म्हाताऱ्या आणि दिव्यांग माणसांचा बस-रेल्वे प्रवास

प्रश्न थोडक्यात असा: बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचं कुटुंब. आई ७२ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. वडील ७८ वर्षांचे, काठी घेऊन चालतात, नजर अधू, मराठी वाचतात पण कन्नड येत नाही. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, अपघातानंतर कमरेखाली ताकद आणि संवेदना दोन्ही नाहीत, चाकाच्या खुर्चीत असतो. आठवड्याला बेळगाव, महिन्यातून एकदा कोल्हापूरचा दवाखाना. दर वेळी गाडी ठरवणं परवडत नाही. सवलती कुठल्या, आणि बसनं नेणं जमेल का?

आई-वडिलांना बसनं नेणं जमेल, थोडी तयारी केली तर. भावाला साध्या लाल बसनं नेण्याचा हट्ट धरू नका. त्याला बेळगावपर्यंत रिक्षा आणि लांबच्या पल्ल्याला रेल्वे. कारण खाली येईलच. लोक सवलतीपासून सुरुवात करतात, पण तिकीट फुकट असूनही माणूस गाडीत चढू शकत नसेल तर त्या फुकटाचा उपयोग काय? म्हणून आधी पायरी.

शहरी बससाठी केंद्र सरकारच्या मानकांत फ्लोअरच्या तीन उंच्या आहेत: लो-फ्लोअर ४०० मिलिमीटर, सेमी-लो-फ्लोअर ६५० आणि साधी ९००. आपल्या खेड्यांत येणारी गाडी तिसऱ्या जातीची, बहुधा त्याहूनही उंच. घरातल्या जिन्याची पायरी १५ ते १८ सेंटीमीटर असते. बसची पहिली पायरी ४० सेंटीमीटरच्या आसपास, आणि रस्त्याकडेची माती पावसानं खचली असेल तर ५०. झिजलेला गुडघा एवढा वाकवून त्यावर शरीराचं वजन उचलणं हे आईला न जमणारं काम आहे. तिथे तिची हिंमत कमी पडत नाही. एकदा टेप घेऊन आपल्या थांब्यावर मोजून बघा. १५ सेंटीमीटरच्या कट्ट्याला गाडी चिकटून लागली तर तीच ४० ची पायरी २५ वर येते. तेवढ्यावर आई हाताला धरून चढेल.

स्टँडवर मात्र गंमत वेगळी. बऱ्याच बसस्थानकांत गाडी तोंड पुढे करून फलाटाला लागते. ड्रायव्हरच्या काचेसमोर फलाट, आणि दार उघडतं ते दोन गाड्यांमधल्या बोळात, जमिनीवर. म्हणजे फलाट असूनही पायरी पूर्ण उंचीची. अशा ठिकाणी सोबत पायरी न्यावी लागते. जेवणाचा पाट चालत नाही, त्याची उंची चार-पाच सेंटीमीटर आणि गुळगुळीत असल्यामुळे घसरतो. सुताराकडून किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून ४० बाय ३० सेंटीमीटरचं, १५ ते २० सेंटीमीटर उंच स्टूल करून घ्या. चारही पायांना रबराचे बूट, वर खरखरीत पट्टी, पाय खालच्या बाजूला किंचित फाकवलेले, म्हणजे कडेवर पाय पडला तरी कलंडणार नाही. एका बाजूला पुरेशी लांब दोरी बांधा. सगळे चढले की वाकायला न लागता ओढून वर घेता येतं. अॅल्युमिनियमचं केलं तर पिशवीत मावतं.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दोन्ही दुखरे असतील तर त्यातल्या त्यात बरा तो चांगला. काठी दुखऱ्या पायाबरोबर चालते. बसच्या दारात मात्र काठी सोबतच्या माणसाकडे द्यावी आणि दोन्ही हातांनी दांडे धरावेत. मदत करणारा चढताना मागे, उतरताना पुढे, म्हणजे नेहमी खालच्या पायरीवर. दंड किंवा मनगट ओढू नका. म्हाताऱ्या माणसाचा खांदा निखळायला वेळ लागत नाही. कमरेला रुंद पट्टा किंवा दुमडलेला टॉवेल बांधून तो धरा. पडणं होतं ते बहुतेक उतरताना होतं: नजर अधू असेल तर झिजलेली काळी पायरी आणि खालचा डांबरी रस्ता एकच दिसतो. वडिलांसाठी मोबाइलचा टॉर्च पायरीच्या कडेवर मारा, आणि "अजून एक, आता जमीन" असं मोजून सांगा.

वेळ लागतो, आणि कंडक्टरला घाई असते. भांडून उपयोग नाही, आधीच सांगावं. चढतानाच "स्वल्प निल्लसरी, इळीबेकु" एवढं कन्नड वडिलांना पाठ करून द्या: जरा थांबवा, उतरायचं आहे. आपल्याकडे बहुतेक कंडक्टरांना मराठी कळतं, पण गदग-हावेरीकडून बदलून आलेल्याला कळेलच असं नाही. पाटी कन्नडमध्ये असते म्हणून जाड पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंनी मोठ्या अक्षरांत कन्नडमध्ये एका बाजूला 'बेळगावी', दुसऱ्या बाजूला 'येळ्ळूर' लिहून घ्या. न बोलता तो दाखवला तरी काम होतं. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. स्टँड आलं म्हणून चालत्या गाडीत उभं राहायची आपली सवय ब्रेकबरोबर माणसाला थेट काचेवर नेते.

बसायचं कुठे? राखीव जागा दाराजवळ असतात, त्या मागून घ्याव्यात, लाजू नये. मागच्या चाकावरची आणि त्यामागची बाकं टाळा. स्पीडब्रेकरवर मागचा माणूस अर्धा हात उडतो, आणि हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या मणक्याला एवढा एक दणका पुरतो. मणका दबतो, दोन दिवस "कंबर धरली" म्हणून मलम चोळलं जातं आणि पंधरा दिवसांनी एक्स-रेत दिसतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली जागा सगळ्यात कमी हादरते. चाकाच्या उंचवट्यावरची सीटही नको, गुडघे छातीशी येतात. आणि संवेदना नसलेल्या माणसाला इंजिनच्या बॉनेटशेजारी बसवू नका. जुन्या गाड्यांत ते झाकण चांगलंच तापतं. पाय टेकलेला असतो, त्याला कळत नाही, घरी गेल्यावर फोड दिसतो.

पावसाळ्यात एक भर. येळ्ळूर, खानापूर भागातली माती रबराला चिकटली की काठी साबणासारखी घसरते. काठीच्या टोकाचं रबर उलटं करून बघा. खाचा गेल्या असतील तर बदला, मेडिकलमध्ये सुटं मिळतं. काठीची उंची मनगटाच्या वळीएवढी, कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. काठी, दांडा आणि छत्री तीन गोष्टी दोन हातांत मावत नाहीत, म्हणून म्हाताऱ्या माणसाला रेनकोटच. जुन्या शेतकऱ्यांचं इरलं या बाबतीत छत्रीपेक्षा शहाणं होतं.

भावाचं गणित वेगळं आहे. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव जागा, कुबड्या-काठ्या अडकवायची सोय, दांडे आणि चाकाची खुर्ची आत घेऊन बांधून ठेवायची सोय यांची तरतूद आली. कागदावर चांगलं आहे, पण आपल्या मार्गावर येणारी जुनी लाल गाडी त्यानं बदलत नाही. रॅम्प असलेली लो-फ्लोअर गाडी समजा मिळालीच, तरी हिशेब असा: फ्लोअर ४० सेंटीमीटर, कट्टा १५ सेंटीमीटर, फरक २५. बसचा घडीचा रॅम्प साधारण मीटरभर लांबीचा. म्हणजे चढ १ ला ४. इमारतीच्या रॅम्पला नियम १ ला १२ चा आहे. तिप्पट उभा चढ, त्यावर खुर्ची एकट्यानं चढवायला जाऊ नये. मागून एक जण ढकलणारा आणि पुढे एक जण चौकट धरणारा हवा; उतरताना खुर्ची उलटी, पाठ उताराकडे करून. आणि कट्टाच नसेल, बस रस्त्याच्या मधोमध उभी राहिली असेल, तर फरक पूर्ण ४० चा, चढ १ ला अडीच. रॅम्प असूनही निकामी होतो तो इथे. कट्ट्याशेजारी लावलेल्या दुचाकी हे अशा रॅम्पचं सगळ्यात मोठं दुखणं. दुसरं म्हणजे बिजागरीत साचलेली खडी-माती.

उचलून चढवायचं म्हणाल, तर दोन माणसांनी ५०–६० किलो वजन अरुंद दारातून तीन पायऱ्या वर न्यायचं. एकाचा पाय सरकला की तिघेही खाली. अगदी नाइलाज झालाच तर पाठीमागचा माणूस काखेतून हात घालून त्याचे पुढचे हात धरतो, दुसरा गुडघ्यांखाली धरतो, खुर्ची तिसऱ्याकडे. माणसासकट खुर्ची उचलू नका. हाताचे टेकू आणि पायपट्ट्या निघणाऱ्या असतात. नेमक्या त्याच धरल्या जातात आणि हातात येतात.

त्यापेक्षा रिक्षा बरी. रिक्षाचं फ्लोअर बसपेक्षा बरंच खाली, सीट खुर्चीच्या उंचीच्या जवळपास. खुर्ची रिक्षाला ३०–४५ अंशांत तिरकी लावा, दोन्ही ब्रेक, पायपट्ट्या बाजूला. मधल्या फटीवर सरकायची फळी: १८ मिलिमीटर प्लायवूड, ७५ सेंटीमीटर लांब, २५ रुंद, कडा गोल घासलेल्या, वर गुळगुळीत पॉलिश. एक टोक मांडीखाली, दुसरं सीटवर किमान १५ सेंटीमीटर आत. हातात ताकद असेल तर तो स्वतः सरकतो, तुम्ही फक्त फळी धरायची. चिमटा बसू नये म्हणून बोटं फळीखाली जाऊ देऊ नका. खुर्चीची गादी रिक्षाच्या सीटवरही घाला, आणि संवेदना नाही म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन किंवा बाजूला कलून बुड उचलायला सांगा. बेडसोर एका लांब प्रवासात सुरू होतो आणि बरा व्हायला महिने घेतो. दर आठवड्याचा एकच रिक्षावाला ठरवा, रीत त्याला शिकवा. दोन फेऱ्यांत तो तुमच्यापेक्षा सफाईनं करेल. निपाणी-चिकोडीकडच्या वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी जीपमध्ये मात्र नको. चढण उंच, बसायला आडवी बाकं, पाय ठेवायला जागा नाही. वडिलांसारख्या काठीवाल्याला वडापचा एकच फायदा, तो घराच्या दारात सोडतो.

आता सवलती. आईला शक्ती योजना: कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना ११ जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवास, वातानुकूलित आणि आरामगाड्या वगळून. कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र आणि शून्य रकमेचं तिकीट दोन्ही जवळ हवं. वडिलांना ६० वर्षांवरच्या ज्येष्ठांची तिकिटावर २५ टक्के सूट, वयाचा पुरावा दाखवून. कोल्हापूरच्या थेट गाडीत आईनं शक्तीवर भरवसा ठेवू नये, तिकिटाचे पैसे धरूनच निघावं. काही लोक युक्ती सांगतात की निपाणीपर्यंत कर्नाटकाच्या गाडीत फुकट जा आणि तिथून दुसरी पकडा. धडधाकट बाईला ठीक आहे. गुडघे गेलेल्या बाईला एक जादा उतरणं, एक जादा चढणं आणि स्टँडवर उभं राहणं, हा सौदा तोट्याचा आहे. थेट गाडी घ्या.

महाराष्ट्राच्या एसटीत ६५ ते ७५ वर्षांना अर्धं तिकीट, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवर मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पण या सगळ्या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या. बेळगावहून लालपरीत बसलात तर सीमेवरच्या कोगनोळीपर्यंतचं, चंदगडकडे शिनोळीपर्यंतचं भाडं पूर्ण लागतं, सवलत तिथून पुढे. तिकीट दोन टप्प्यांत निघतं, त्यात कंडक्टरनं चूक केली असं समजून वाद घालू नका. तुमचं आधार कर्नाटकाच्या पत्त्याचं आहे, त्यामुळे कार्ड तिकीट काढण्याआधी दाखवा, नंतर नाही. आणि घरून निघताना पूर्ण भाडं खिशात असू द्या.

भावासाठी कर्नाटक परिवहनचा दिव्यांग पास: ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व, वर्षाला ६६० रुपये, राहत्या ठिकाणापासून १०० किलोमीटरपर्यंत. निपाणी त्यात बसतं, बागलकोट बसत नाही. पूर्ण अंध व्यक्तींचा पास मोफत असतो. अर्ज सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवर, ग्रामवन किंवा कर्नाटकवन केंद्रातून करून घेता येतो. पास दर वर्षी नवा करावा लागतो. भाऊ बसनं जात नसला तरी काढून ठेवायला हरकत नाही, पण सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं केंद्राचं ओळखपत्र, कारण पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. कार्डावरची पट्टी ४० टक्क्यांखाली पांढरी, ४० ते ८० पिवळी, ८० आणि वर निळी. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, तपासणी सरकारी दवाखान्यात.

सीमाभागात हे कागद अडतात ते नावांवर. मराठी घरात 'ज्ञानेश्वर'चं इंग्रजी स्पेलिंग 'डी'पासून सुरू होतं, कन्नडवाला कारकून ते 'जे'पासून लिहितो. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमानं लिहितो, तिकडे नुसती आद्याक्षरं लागतात. जुन्या कागदांवर शहराचं नाव 'बेळगाव', १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर 'बेळगावी'. शहराच्या नावानं सहसा अडत नाही, पण माणसाचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. म्हणून अर्ज भरताना केंद्रातल्या मुलाला तोंडी नाव सांगू नका, आधार पुढे ठेवा आणि 'यावरचं जसंच्या तसं टाइप कर' म्हणा, मग पाठवायच्या आधी पडद्यावर वाचून घ्या. कन्नड फॉर्मची भीती वाटत असेल तर ग्रामपंचायतीतल्या व्हीआरडब्ल्यूला, म्हणजे ग्राम पुनर्वसन कार्यकर्त्याला गाठा. गावातल्या दिव्यांगांची कागदपत्रं करून देणं हे त्याचं कामच आहे.

रेल्वे. बेळगावहून मिरजमार्गे कोल्हापूर; थेट गाडी जमत नसेल तर मिरजेत बदलून. भावासाठी बसपेक्षा हे बरं, कारण फलाट उंच असला तर डब्याची पायरी लहान होते आणि आत सरळ बसायला, आडवं व्हायला जागा मिळते. साध्या एक्स्प्रेसला टोकाच्या गार्डच्या डब्यात दिव्यांगांचा कप्पा असतो, त्याचं दार रुंद. पण तो गाडीच्या अगदी शेवटी किंवा पुढे येतो. उभं राहायचं कुठे हे आधी विचारून ठेवा. बेळगावात गाडी काही मिनिटं थांबते, घटप्रभा-रायबागसारख्या ठिकाणी एक-दोन मिनिटं. डबा शोधत खुर्ची पळवायला वेळ नसतो. स्टेशनची खुर्ची आणि मदत हवी तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर किंवा स्टेशन मास्तरांकडे आदल्या दिवशी सांगा. उंच फलाट रुळापासून ७६ ते ८४ सेंटीमीटर, मधला ४५ च्या आसपास. छोट्या स्टेशनावर दुसऱ्या बाजूचा फलाट सखल असू शकतो, तिथे उतरणं बसपेक्षाही वाईट. पुणे–हुबळी आणि बेंगळुरू–बेळगाव वंदे भारतमध्ये टोकाच्या डब्यात चाकाच्या खुर्चीची जागा आहे, फक्त दारं आपोआप बंद होतात, तेव्हा खुर्ची आधी आत, सामान नंतर.

रेल्वेची दिव्यांग सवलत नुसत्या ४० टक्क्यांवर मिळत नाही. शारीरिक अपंगत्वात सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यालाच ती लागू होते, आणि प्रमाणपत्रात नेमका तसा उल्लेख लागतो. डॉक्टर टक्केवारी लिहितात आणि हे वाक्य राहून जातं. अर्ज तिथेच परत येतो. ते वाक्य असेल तर स्लीपर आणि थ्री-एसीत ७५ टक्के, टू-एसीत ५० टक्के सूट, सोबत्यालाही तेवढीच. रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र काढलं की तिकीट घरून काढता येतं. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. आई-वडिलांना खालचा बर्थ मात्र मागता येतो: पुरुष ६० वर्षांवर, महिला ४५ वर्षांवर. त्यांचं तिकीट वेगळं, दोघांपुरतं काढा. तरुण माणसांबरोबर एकाच तिकिटावर चार-पाच नावं घातली की खालच्या बर्थचा कोटा लागत नाही.

दवाखान्याची तारीख घेताना दिनदर्शिका बघा. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडे मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिवस; बेळगावातून बाहेर पडणं धडधाकट माणसालाही जड जातं. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असेल तेव्हा हायवेवर मोर्चे आणि बंदोबस्त. सीमेचा वाद तापला की दोन्ही राज्यांच्या गाड्या बंद होतात, डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये झाल्या तशा, आणि काही गाड्या सीमेवरूनच माघारी फिरतात. कोगनोळीच्या नाक्यावर उतरवलेल्या गुडघेदुखीच्या बाईला पुढे नेणारं काहीच नसतं. सकाळी निघण्याआधी स्टँडच्या चौकशीला फोन करून 'आज कोल्हापूरला थेट जाते का' एवढंच विचारा. रेल्वेला हा त्रास सहसा होत नाही. गोळ्या, लघवीची पिशवी आणि दवाखान्याची फाइल एका दिवसाच्या नाही, दोन दिवसांच्या हिशेबानं घ्या.

तक्रार करायची वेळ आली तर 'कंडक्टर उद्धट होता' यानं काही हलत नाही. तिकीट जपून ठेवा, शून्य तिकीटसुद्धा, त्यावर वेळ आणि डेपोचा माग असतो. गाडीचा नंबर, थांबा, आणि नेमकं काय केलं नाही: फलाटाला लावली नाही, रॅम्प उघडला नाही, राखीव जागा रिकामी करून दिली नाही. आधी डेपो मॅनेजर, मग विभागीय नियंत्रक, मग बेंगळुरूतले राज्य दिव्यांग आयुक्त. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४१ वाहतुकीबद्दलच आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. कायदा मोडला तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पण डेपो मॅनेजरशी बोलून बरंच सुटतं. अमुक वाजताची गाडी कट्ट्याला लावा, इतकी लहान मागणी मान्य होते.

आणि गावचा थांबा ग्रामपंचायतीकडून नीट करून घ्या. पंचायतीच्या निधीतला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी असतो. त्यातून कट्टा मागा. उंची १५ सेंटीमीटर, फार तर १८. गवंडी हौसेनं फूटभर उंच करतात, मग बसचं दार किंवा खालची पत्र्याची कड घासते म्हणून ड्रायव्हर दोन हात लांब थांबतो आणि कट्टा वाया जातो. लांबी किमान बसच्या दोन्ही दारांना पुरेल एवढी, खोली दीड मीटर, म्हणजे खुर्ची वळते. रस्त्यापासून वर यायला उतार: १५ सेंटीमीटरला १८० सेंटीमीटर लांब, १२० रुंद, पृष्ठभाग झाडूनं खरवडलेला. थांब्यासमोरच्या डांबराची कड कट्ट्यापर्यंत आणा, मध्ये मातीची पट्टी ठेवू नका. पहिल्याच पावसात तिथे चर पडतो, आणि ड्रायव्हर चाक त्यात घालत नाही.